माफीचे पाव

माक्लोवियाचं बुटकं स्टूल चुलीच्या वाटेत होतं. सकाळपासून ओतिलिया त्याला वळसा घालून ये-जा करत होती. शेवटी कोरुंडांचं, मक्याच्या उकडलेल्या गोळ्यांचं, गरम पातेलं हातात असताना तिचा गुडघा त्यावर आपटला.

"वन्सं, हे बाजूला ठेवू का?"

"राहू दे," निकानोरा म्हणाली.

"पाहुणे बसणार कुठे मग?"

"बाकावर बसतील. माफी मागायला येणारे ऐसपैस बसायला येत नाहीत."

ओतिलियानं पातेलं खाली ठेवलं आणि गुडघा चोळला. निकानोराच्या भावाची, एवारिस्तोची, ही दुसरी बायको. पहिली, म्हणजे माक्लोवियाची आई, पोर अंगावर पीत असतानाच गेली. तेव्हा निकानोरानं तान्ह्या पोरीला आपल्या शालीच्या, रेबोसोच्या, झोळीत बांधून या लाकडी घरात आणलं ते आणलंच. पुढे एवारिस्तोनं पुन्हा लग्न केलं, रस्त्यापलीकडे विटांचं घर बांधलं, ओतिलियाला दोन मुली झाल्या. माक्लोविया आत्याकडेच राहिली. पोरगी नक्की कुणाची, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. गुरुवारी बाजाराला म्हणून गेलेली माक्लोविया सान बार्तोलोच्या एलासियोबरोबर त्याच्याच घरी राहिली, तेव्हापासून मात्र सगळे तेच विचारत होते.

एवारिस्तो उंबऱ्यावर बसून राळ काढायच्या कोयत्याला धार लावत होता. रविवारी कुणी झाडांवर जात नाही. धारेची काही गरज नव्हती.

"येऊ देत," तो म्हणाला. "बसतील, पितील, गुडघे टेकतील. दिवस मावळला की आपले पाव उचलून खाली जातील. उद्या मी जाऊन पोरीला घेऊन येतो."

"आणि मग?" ओतिलियानं आतून विचारलं.

"मग काय. होती तिथे राहील. ताईजवळ."

"परत आणलेल्या मुलीला पुन्हा कोण मागायला येतं? त्या चर्चमागच्या रेमेदियोसकडे बघा. केस पांढरे झाले तरी लोक तिला परत आणलेलीच म्हणतात. आणि पाठीमागे माझ्या दोघी आहेत."

"सान बार्तोलोवाल्यांना मुलगी दिली असं म्हणण्यापेक्षा बरं. आपला खालचा उतार कुणी साफ केला? माझ्या बापानं ज्या झाडांची राळ काढली, त्यांच्या जागी आता अ‍ॅवोकॅडो लोंबतायत. आणि झाडं तोडणाऱ्यांत हाच एलासियो होता. करवत घेऊन."

"मजुरीला गेला होता तो. तुम्ही नाही गेलात मजुरीला कधी?"

"झाडं तोडायला नाही गेलो."

बाकाच्या टोकाला बसलेल्या फिदेल काकांनी काठी आपटली. काका एका कानानं बहिरे. तो कान ते नेहमी भांडणाच्या बाजूला ठेवत. "अरे, तुम्ही कशाला घसा सुकवताय? पहिला पाव कोण उचलतं? जिनं वाढवली ती. तिनं उचलला तर लग्न, नाही उचलला तर नाही. तिला विचारा. मी आपला चारांडा प्यायला आलोय."

तिघांनीही निकानोराकडे बघितलं. ती टेबलावरचं कापड सारखं करत होती.

"बघू," ती म्हणाली.

पण तिचं ठरलं होतं. शनिवारी सकाळीच ठरलं होतं.

पाइनची सुईसारखी पाती झाडाला पाच-पाचच्या झुबक्यात येतात, आणि झुबक्याच्या बुडाला एक खरखरीत टोपी असते. ती खुडून काढल्याशिवाय पातं टोपली विणायला घेता येत नाही. हे काम माक्लोवियाचं. लहानपणी बोटं दाभण धरण्याइतकी मोठी नव्हती तेव्हापासूनचं. ती स्टुलावर बसून टोप्या खुडायची, सोललेली पाती ओल्या फडक्यात गुंडाळून आत्याच्या डाव्या हाताला ठेवायची. आत्या न बघता हात घालायची, बोरूच्या नळीत पाती सरकवायची आणि वेढ्यावर टाका घालायची. गुरुवारी जाताना पोरीनं चांगली जाडजूड जुडी सोलून ठेवली होती. शुक्रवारभर निकानोरा त्यावरच विणत राहिली, जणू सोलणारी परसातच गेली आहे. शनिवारी सकाळी तिनं हात घातला आणि फडकं नुसतंच ओलं लागलं.

मग तिनं टोप्या स्वतः खुडल्या. खुडताना विणता येत नाही आणि विणताना खुडता येत नाही. दुपारपर्यंत वेढा जेमतेम एक फेरी पुढे सरकला. घरात आवाज कसला म्हणून नव्हता. आपण अधूनमधून मोठ्यानं बोलतो आहोत हे तिच्या लक्षात आलं, कारण दारातली कोंबडी मान वाकडी करून तिच्याकडे बघत होती.

रविवारी पाहुणे उन्हं कलल्यावर आले. पुढे एलासियोचा बाप लेओनिदेस, काखेत चारांडाच्या, उसाच्या दारूच्या, बाटल्या. मग त्याची आई सबिना, डोक्यावर मोठी टोपली, तिच्यावरून चारी बाजूंनी खांद्यापर्यंत उतरलेलं भरतकामाचं कापड. सगळ्यात मागे एलासियो, केळ्यांचा घड उचलून. अंगात इस्त्रीचा शर्ट, पण बाहीच्या घड्या दोन्हीकडे वेगवेगळ्या उंचीवर. त्या बाह्या कुणी दुमडल्या असतील ते निकानोराला कळलं. माक्लोवियाला दोन बाजू सारख्या कधी जमल्या नाहीत.

"व्याही," लेओनिदेस दारातच म्हणाला.

"अजून झालो नाही," एवारिस्तो म्हणाला. "या."

सबिनानं टोपली टेबलावर उतरवली आणि मान चोळली. एलासियोनं गुडघे टेकले. आधी एवारिस्तोपुढे, मग निकानोरापुढे. बोलायचं पाठ करून आला होता, पण अर्ध्यातच अडकला.

"मी... तुमच्या घरातून तुमची मुलगी... विचारल्याशिवाय..."

"पळवली म्हण," फिदेल काकांनी मदत केली. "मीही पळवली होती. तुझी काकू म्हणायची ना एवारिस्तो, घोडं तिनंच आणलं होतं म्हणून."

सबिना हसली आणि लगेच तोंड पुसल्यासारखं करून थांबली. लेओनिदेसनं पेले भरले. काकांचा रिकामा झाला, पुन्हा भरला. एवारिस्तोनं आपला पेला हातात घेतला आणि तसाच ठेवला.

"चूक झाली आमच्या पोराची," लेओनिदेस म्हणाला. "पण पोरगी आमच्याकडे सुखात आहे. माझ्या आईच्या खोलीत निजते. कुणी बोट लावलेलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. कामसू आहे. आल्या दिवशी मागचं अंगण झाडून काढलं."

"इथे तिनं कधी झाडू उचलला नाही," ओतिलिया म्हणाली, आणि नवऱ्यानं बघितल्यावर कोरुंडा वाढायला लागली.

"उताराचं काय?" एवारिस्तोनं विचारलं.

"कुठला उतार?"

"कुठला उतार विचारतोय."

"ते आमच्या गावच्या सभेनं ठरवलं, एवारिस्तो. माझं तिथे एक झाडसुद्धा नाही. मी ट्रक चालवतो."

"अ‍ॅवोकॅडोचाच ना?"

"मग काय ढग भरू ट्रकमध्ये?"

काका खोकत खोकत हसले. लेओनिदेसही हसला; आणि एवारिस्तोच्या ओठाचा कोपरा किंचित हललेला निकानोरानं पाहिला. आपला भाऊ तिला माहीत होता. चांगला टोला बसला की त्याचा राग उतरतो. अजून दोन पेले, अजून एक विनोद, आणि हा स्वतःच तिला म्हणेल, घे ताई, उचल. बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं.

"मी काही बोलू का?" ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. घरही चांगलं असेल. पण आमच्या कामात एक गोष्ट असते. पाती हिरवी, ओली असताना विणायला फार मऊ लागतात. बोटांना टोचत नाहीत, कशीही वळतात. नवशिक्या बायका हमखास तीच घेतात. टोपली दिसतेही सुरेख, घट्ट. मग पाती वाळतात आणि बारीक होतात. टाका तेवढाच राहतो आणि आतलं पातं आकसतं. महिन्याभरात ती टोपली खुळखुळायला लागते. तिच्यात काही राहत नाही." ती थांबली. "ही दोघं ओली पाती आहेत. काल भेटली, आज पळाली. मी काय म्हणते, पोरीला घरी येऊ द्या. वर्षभर वाळू द्या. पुढच्या सणाला तुम्ही पुन्हा या. तेव्हा मी नाही म्हणणार नाही."

"हे बरोबर बोलली," एवारिस्तो म्हणाला.

काकांनी मान डोलावली. "शहाणी आहे. बापावर गेलीय."

लेओनिदेसनं बायकोकडे बघितलं. "वर्षभराचंच म्हणतायत त्या," तो हळू म्हणाला. सबिना टोपलीकडे बघत होती. एलासियो अजून गुडघ्यांवरच होता. त्याची मान खाली गेली होती आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

निकानोरा पाणी आणायच्या निमित्तानं चुलीकडे गेली. पाठोपाठ ओतिलिया आली.

"वर्षभरानं कुणी येत नसतं, वन्सं," ती कुजबुजली. "तुम्हालाही माहीत आहे. वर्षभरानं याचं दुसरीकडे जमलेलं असेल."

"मग कच्चंच होतं म्हणायचं."

"तुम्हाला ती हवीय. एवढंच आहे. ओली पाती आणि वाळली पाती."

"मला नको का?" निकानोरानं विचारलं. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा लहान निघाला.

ओतिलियानं तिच्या हातातला तांब्या घेतला. "माझ्या घरात काकांसकट पाच माणसं आहेत. त्यातलं एकही मला विचारत नाही, आज बोटं दुखतायत का म्हणून. ती तुम्हाला विचारायची. मला कळतं. पण म्हणून काय तिला रेमेदियोस करणार?" आणि उत्तराची वाट न बघता ती बाहेर गेली.

निकानोरा परत आली तेव्हा ऊन खिडकीच्या खालच्या फळीवर उतरलं होतं. सबिना उठून टेबलापाशी उभी राहिली होती.

"निकानोराबाई, नाही म्हणायचं तर म्हणा. तुमचा हक्क आहे. पण कापड काढून म्हणा. मी पहाटे उठून भाजलेत. न बघताच परत नेले तर माझ्या हातालाही बरं वाटणार नाही."

"आणि कापड आत्यांनीच काढायचं," एलासियो जमिनीकडे बघत म्हणाला. "दुसऱ्या कुणी नाही. तिनं सांगितलंय."

निकानोरानं कापडाची दोन टोकं धरली आणि उचललं.

पाव चांगले होते. फुगलेले, वरून तिळाचे. पण तिनं ते नंतर पाहिले. आधी दिसला तो काठ.

एक टाका उजवीकडे कललेला, पुढचा त्यावरून उलटा घेतलेला, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे बारीक गाठ, जी बाहेरून दिसते पण बोटाला लागत नाही. हा काठ तिला तिच्या आईनं शिकवला होता. गावात तो आणखी कुणी घालत नाही. माक्लोवियालाही पुरता साधला नव्हता.

तिनं पाव सारायच्या मिषानं टोपलीच्या कडेवरून बोट फिरवलं. काठ तिचा. खालचे वेढे पोरीचे: डाव्या बाजूला घट्ट, उजव्या बाजूला जरा सैल.

ही बेकरीवाल्याची टोपली होती.

उतारावरची झाडं पडली त्या दिवसांत सगळ्या विणणाऱ्या बायका तिथे गेल्या होत्या. एरवी मान वर करून बघावी लागणारी झाडं आडवी पडलेली, आणि शेंड्याची दीड-दीड वीत लांब पाती हाताशी आलेली. बायका रडतही होत्या आणि खुडतही होत्या. माक्लोविया तेव्हा कधी नव्हे एवढा मोठा भारा घेऊन आली. "एक मुलगा फांद्या धरून ठेवत होता," ती म्हणाली होती, "म्हणून एवढी मिळाली." निकानोरानं तेव्हा फक्त भाऱ्याकडे पाहिलं होतं. ती पाती पोरीनं माळ्यावर सावलीत पसरली, आणि पुरती वाळेपर्यंत आत्यालासुद्धा हात लावू दिला नाही. मग थंडीत टोपलीच्या बुडाची पहिली गाठ, बेंबी, बांधली आणि म्हणाली, पात्स्क्वारोच्या बेकरीवाल्यानं मोठी टोपली मागितलीय, त्याला घाई नाही. संध्याकाळची कामं उरकली की थोडी थोडी विणायची. थंडी गेली, पाऊस आला, गेला. निकानोरा एकदा म्हणालीसुद्धा होती, किती दिवस घोळवतेस, तो बेकरीवाला म्हातारा होईल. पोरगी म्हणाली, "पुष्कळ पाव बसले पाहिजेत ना, आत्या."

आणि गेल्या पंधरवड्यात ती टोपली मांडीवर घेऊन शेजारी येऊन बसली. "काठ तू घाल."

"का? सुरू करणारीनंच पुरी करायची. आपल्या घरची रीत आहे."

"माझा वाकडा होतो. याचा नको वाकडा व्हायला."

निकानोरानं काठ घातला होता. दोन संध्याकाळी लागल्या. पोरगी समोर स्टुलावर बसून टोप्या खुडायची सोडून नुसती बघत होती. शेवटची गाठ मारून निकानोरानं टोपली परत दिली, तेव्हा माक्लोवियानं ती पोटाशी धरली आणि म्हणाली, "आत्या, छान झाला." मग पाणी आणायला म्हणून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळानं आली.

टेबलाभोवती सगळे थांबले होते. काकांचा पेला अर्ध्यावर थबकला होता. यांच्यातल्या कुणालाही ही टोपली वाचता येत नव्हती. एवारिस्तोला राळ कळते, पाती कळत नाहीत. ओतिलिया विणत नाही. सबिनाला वाटत असेल, सून येताना एक टोपली घेऊन आली. निकानोरानं कापड पुन्हा पसरलं असतं आणि "पाव छान आहेत, पण नको" म्हटलं असतं, तर ते शब्द तिथेच पक्के झाले असते. उद्या सकाळी पोरगी परत स्टुलावर आली असती. तिनं टोप्या खुडल्या असत्या, जुडी ओल्या फडक्यात बांधून डाव्या हाताला ठेवली असती, आणि बोटं दुखतात का हे पुन्हा कधी विचारलं नसतं.

वाळलेली पाती होती ती. पुरत्या सावलीत, एक सबंध हंगाम वाळलेली.

तिनं सगळ्यात वरचा पाव उचलला.

"ताई," एवारिस्तो म्हणाला.

तिनं एक तुकडा मोडून तोंडात घातला. घास कोरडा होता आणि फिरत राहिला, पण तिनं तो गिळला.

"आत्ता तर तू म्हणालीस वर्षभर..."

"म्हणाले."

"ओली पाती म्हणालीस."

"माझी चूक झाली. नीट बघितलं नव्हतं. वाळलीत."

"कधी वाळली? गुरुवारपासून?"

"एवारिस्तो, पाव घे."

तो तिच्याकडे बघत राहिला. पोरीनं वर्षभर आधी ठरवलं होतं, हे त्याला सांगितलं तर सारं फिरून पुन्हा तिथेच आलं असतं. मुलगा सुटला असता आणि मुलगी अडकली असती. पळवलेल्या मुलीला बाप माफ करतो. ठरवून गेलेलीला वेळ लागतो. निकानोरानं आणखी एक तुकडा मोडला.

"घ्या की," ओतिलिया म्हणाली आणि स्वतः दोन पाव उचलले. तिचे डोळे भरले होते, म्हणून ती जरा रागावल्यासारखी दिसत होती. एवारिस्तोनं हात पुढे केला.

"चला," काका म्हणाले, "आता तरी तो पेला पी. मघापासून गरम करतोयस."

मग आवाज वाढले. एलासियोला कुणीतरी उठवलं. गुडघ्यांना मुंग्या आल्यामुळे तो बाकावर आडवाच झाला आणि त्यावर सगळे हसले. लेओनिदेसनं पुन्हा "व्याही" म्हणून बघितलं, या वेळी एवारिस्तोनं फक्त पेला पुढे केला. बाकावर जागा कमी पडली तेव्हा सबिनानं स्टूल ओढलं. निकानोरानं ते पाहिलं. तिनं कोरुंडांचं पातेलं सबिनापुढे सरकवलं.

माफीची टोपली रिकामी परत करत नाहीत. पाव परातीत काढून निकानोरा टोपली घेऊन आतल्या खोलीत गेली. निळ्या मक्याची कणसं तिनं शेजारी काढून ठेवली. पण टोपली भरायच्या आधी ती खिडकीशी बसली, कात्री घेतली आणि स्वतःच्या काठाची शेवटची गाठ कापली. एक एक करून टाके ओढून काढले. हाताची बोटं पसरून मावतील एवढा भाग मोकळा झाला तेव्हा ती थांबली. आतली पाती सुटी झाली, तरी सरळ झाली नाहीत. ज्या वळणात वाळली होती त्याच वळणात राहिली.

"विहीणबाई?"

सबिना दारात होती. ती जवळ आली, टोपलीकडे बघितलं, मग निकानोराच्या मांडीवरच्या दोऱ्याच्या तुकड्यांकडे.

"उसवला?"

"हो."

"मी घालून देते. मला साधा काठ येतो."

"तुमचा हात वेगळा. दिसेल."

"मग असाच नेऊ?"

"असाच न्या. तिला म्हणावं, काठ मीच घातला होता, मीच काढलाय. आता तिचा तिनं घालायचा. वाकडा झाला तरी चालेल. पण ज्या घरात बेंबी बांधली त्याच घरात काठ बंद होतो. तिला माहीत आहे."

सबिना खाली बसून कणसं टोपलीत रचायला लागली, उसवलेल्या बाजूला वजन येणार नाही अशी. "लग्न होईपर्यंत मुलगी माहेरचा उंबरा चढत नाही," ती कामात मान घालूनच म्हणाली. "आणि लग्नानंतरचं पहिलं वर्ष सासूच्या हाताखाली. तुमच्याकडे काय, आमच्याकडे काय, रीत एकच."

"माहीत आहे."

"वर्ष मोठं असतं हो."

"वाळलेली पाती आहेत," निकानोरा म्हणाली. "टिकतात."

सबिनानं कापड पसरलं, टोपली डोक्यावर घेतली आणि दारातून वाकून बाहेर पडली.

अंधारायच्या आत सगळे गेले. खालच्या वळणावर ट्रकचे दिवे लागले, झाडांमधून दोनदा दिसले, मग उतार मोकळा लागला तिथे बराच वेळ दिसत राहिले. पूर्वी तिथपर्यंत नजर जात नसे. एवारिस्तो काकांना हाताला धरून घेऊन गेला. ओतिलिया भांडी घासायला थांबते म्हणाली. निकानोरानं तिला घरी पाठवलं.

तिनं स्टूल उचलून परत चुलीच्या वाटेत ठेवलं. मग दोरा घेतला, उसवलेल्या भागाला लागेल त्याहून थोडा जास्त, कारण माक्लोविया गाठीला नेहमी दोरा कमी पाडते. त्याला मेण लावलं, दाभणात ओवला आणि दाभण स्टुलामागच्या फळीत, बसल्या बसल्या हात पोचेल अशा उंचीवर खोचलं. मेणावर धूळ लवकर बसते. तिनं वरून एक फडकं टांगलं, आणि उद्यासाठी टोप्या खुडायला बसली.